बोटावरचं चक्र आणि रक्तातला गट

बोटांचे ठसे आणि रक्तगट यांचा संबंध शोधायला फारसं भांडवल लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातला एक वर्ग, काळी शाई, ती पसरायला काच आणि रबरी रूळ, जाड कोरे कागद आणि एक भिंग एवढं पुरतं. काचेवर शाईचा पातळ थर द्यायचा. विद्यार्थ्याचं बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी काचेवर आणि मग कागदावर अलगद फिरवायचं. जोर दिला तर शाई रेघांमधल्या खाचांत उतरते आणि ठशाचा नुसता काळा डाग होतो. दहा बोटं झाली की कागदाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक, लिंग आणि रक्तगट लिहायचा. मग भिंगाखाली लूप (आलेल्या बाजूलाच परत वळणाऱ्या रेघा), चक्रं (गोल फिरणाऱ्या) आणि कमानी (एका कडेने येऊन मध्ये उंचावून दुसऱ्या कडेने जाणाऱ्या) मोजून तक्ते मांडायचे, फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणारी काय-स्क्वेअर चाचणी लावायची आणि शेवटी लिहायचं की अमुक रक्तगटात लूप जास्त आढळले, तमुक रक्तगटात चक्रं जास्त आढळली, स्त्रियांत कमानी थोड्या अधिक दिसल्या आणि याचा उपयोग गुन्ह्यांच्या तपासात होऊ शकेल.

असे निबंध वर्षानुवर्षं निघताहेत. विषय स्वस्त आहे म्हणून लोकप्रिय आहे, असं म्हटलं तर कुणाला राग येईल, पण विद्यार्थ्याला प्रकल्प हवा असतो, प्राध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध हवा असतो, आणि बोटं तर सगळ्यांनाच असतात. माझी तक्रार स्वस्ताईबद्दल नाही. तक्रार अशी की लिंग आणि रक्तगट ही जोडी या निबंधांच्या शीर्षकात शेजारी शेजारी बसते आणि वाचणाऱ्याला दोन्ही संबंध सारख्याच वजनाचे वाटतात. तसं नाही. लिंगाचा ठशांशी संबंध खरा आहे, फक्त दुबळा आहे. रक्तगटाचा संबंध अजून सिद्ध झालेला नाही, आणि ज्या रीतीने तो शोधला जातोय त्या रीतीने तो सिद्ध होणारही नाही. एकाच तक्त्यात दोन्ही मांडले की खऱ्याची पत खोट्याला मिळते.

आधी हे पाहू की लूप, चक्र आणि कमान यांत माहिती तरी किती असते. सर्वसाधारणपणे शंभर बोटांत ६० ते ६५ लूप, ३० ते ३५ चक्रं आणि पाचेक कमानी असतात. म्हणजे कुणाच्या बोटावर लूप आहे असं कळलं तर आपल्याला जवळजवळ काहीच कळलेलं नसतं. ठशांवरून माणूस ओळखला जातो तो या प्रकारांवरून नव्हे. एखादी रेघ कुठे थांबते, कुठे दुभंगते, कुठे छोटं बेट करते, या बारीक खुणा आणि त्यांची परस्परांपासूनची अंतरं यांवरून तो ओळखला जातो. प्रकारांचं काम वेगळं होतं. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं तेव्हा हजारो कागदांतून हवा तो कागद शोधायचा कसा, हा प्रश्न होता. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने पुढे जगभर गेलेल्या पद्धतीत त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. त्यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या, चक्र असलेल्या बोटांना १६, ८, ४, २, १ असे आकडे दिले, आणि त्यांतून १,०२४ खणांची वर्गवारी उभी राहिली. चक्र आहे की नाही हे फक्त कागद कुठल्या खणात आहे ते सांगायचं. त्या खणातला नेमका माणूस कोण, हे बारीक खुणा पाहूनच ठरायचं. फाइल लावण्यासाठी केलेल्या या सोयीतून आज लोक रक्तगट वाचू पाहताहेत.

हे प्रकार घडतात कसे, ते ठाऊक असलं की बराच गोंधळ आपोआप मिटतो. गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास बोटांच्या टोकांवर छोटे फुगवटे येतात आणि दहाव्या आठवड्यानंतर ते हळूहळू सपाट होऊ लागतात. त्याच काळात त्वचेच्या खालच्या थरात रेघा उमटायला सुरुवात होते. फुगवटा अजून उंच असतानाच रेघा आल्या तर चक्राकडे कल जातो, तो बसल्यावर आल्या तर कमान होते, आणि एका बाजूला कललेला असताना आल्या तर लूप. सतराव्या आठवड्यापर्यंत मूळ नक्षी ठरून जाते आणि मग आयुष्यभर तशीच राहते. २०२२ मध्ये २३ हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठशांच्या प्रकारांशी जोडलेल्या ४३ जागा सापडल्या आणि त्यांत ठळकपणे पुढे आली ती हातपाय घडवणारी जनुकं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की रेघांमधलं अंतर गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे ठरतं: एकमेकांना चालना देणारे आणि रोखणारे रासायनिक संकेत त्वचेत पसरतात आणि त्यांच्या ओढाताणीतून पट्टे उमटतात. गर्भाची वाढ, बोटाचा आकार, फुगवट्याची उंची आणि थोडा निव्वळ योगायोग, असा हा सगळा मामला आहे.

आता लिंगाचा भाग. इथे आकडे भक्कम आहेत आणि ते जुने आहेत. सारा होल्ट या संशोधिकेने ब्रिटिश लोकांच्या दहाही बोटांवरच्या रेघांची एका ठरावीक पद्धतीने मोजणी केली. पुरुषांची सरासरी सुमारे १४५ आली आणि स्त्रियांची १२७. फरक १८ रेघांचा. हा आकडा सगळे उद्धृत करतात. त्याच्याच शेजारी छापलेला दुसरा आकडा मात्र सहसा गळतो: दोन्ही गटांतलं प्रमाण विचलन ५० च्या वर होतं. माणसामाणसांतला फरक ५० चा आणि गटागटांतला १८ चा. याचा व्यवहारातला अर्थ असा की कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक स्त्री घेतली, तर अशा शंभर जोड्यांपैकी साधारण ६० जोड्यांत पुरुषाच्या रेघा जास्त भरतील आणि ४० जोड्यांत स्त्रीच्या. नाणं उडवून निर्णय घेतला तर ५०-५० मिळतातच.

या फरकामागे खरं जीवशास्त्र आहे, हेही सांगायला हवं. टर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे एकच एक्स गुणसूत्र असलेल्या स्त्रियांत, रेघांची संख्या सरासरीपेक्षा बरीच जास्त असते. क्लाइनफेल्टरमध्ये, म्हणजे दोन एक्स आणि एक वाय असलेल्या पुरुषांत, ती कमी असते. जास्तीचं लिंग गुणसूत्र आलं की रेघा घटतात असा हा नियम अनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोझ यांनी मांडला. तेव्हा ‘ठशांचा आणि लिंगाचा काही संबंध नाही’ असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक आहे.

तपासाच्या कामी ज्याचा जास्त बोलबाला आहे ते माप वेगळं आहे: रेघांची दाटी. ठशावर पाच बाय पाच मिलिमीटरचा चौकोन आखायचा आणि त्याच्या कर्णावर पडणाऱ्या रेघा मोजायच्या. स्त्रियांच्या रेघा बारीक आणि दाट असतात, पुरुषांच्या जाड आणि विरळ. हा निष्कर्ष देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलेला आहे, म्हणून तो खरा मानायला हरकत नाही. पण सीमारेषा कुठे आखायची ते पाहा. १९९९ मधल्या अमेरिकी अभ्यासानुसार ११ किंवा त्याहून कमी रेघा असतील तर ठसा पुरुषाचा असण्याची शक्यता जास्त, १२ किंवा अधिक असतील तर स्त्रीचा. २००७ मध्ये दक्षिण भारतीयांवर झालेल्या अभ्यासात हीच सीमा १३ आणि १४ च्या मध्ये आली. आता समजा गुन्ह्याच्या जागी काचेवर एक ठसा मिळाला आणि त्यात १३ रेघा भरल्या. एका तक्त्याप्रमाणे तो स्त्रीचा, दुसऱ्याप्रमाणे पुरुषाचा. कुठला तक्ता लावायचा हे ठरवायला तो माणूस कुठल्या लोकसमूहातला आहे ते आधी ठाऊक हवं. ते ठाऊक नसतं म्हणून तर ठसा उचललेला असतो.

शिवाय ही दाटी बऱ्याच अंशी बोटाच्या आकारावरून ठरते. नक्षी जन्माआधी ठरली तरी बोट वाढतं आणि बोटाबरोबर रेघा रुंदावतात. म्हणून बारा वर्षांच्या मुलाचा ठसा या मोजणीत हमखास बाईच्या बाजूला जाऊन पडतो, आणि थोराड हातांच्या बाईचा पुरुषांत. चपलेच्या मापावरून ती बाईची की पुरुषाची हे सांगण्यासारखंच हे आहे. बहुतेक वेळा बरोबर येईल, पण त्या जोरावर कुणाला संशयितांच्या यादीतून वगळावं इतकं नाही.

समूहाबद्दलचा प्रश्न असेल तर मात्र हीच दुबळी खूण चांगलं काम करते. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या चाको कॅन्यनच्या प्रदेशात हजारेक वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांवर घडवणाऱ्यांच्या बोटांचे ठसे राहून गेले आहेत. मातीकाम हे तिथे बायकांचंच काम होतं असं पूर्वापार धरलं जायचं. २०१९ मध्ये संशोधकांनी शेकडो खापऱ्यांवरच्या रेघांची रुंदी मोजली तेव्हा पुरुषांचाही त्यात मोठा हात असल्याचं दिसलं. तिथे कुणालाही ‘हे भांडं अमक्याने केलं’ असं म्हणायचं नव्हतं. शेकडो ठशांची बेरीज बोलत होती, त्यामुळे एकेका ठशातली चूक खपून जात होती.

रक्तगटाकडे वळलं की पायाखालची जमीनच सरकते. एबीओ गट म्हणजे काय? तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. नवव्या गुणसूत्रावरचं एक जनुक त्या साखळीच्या टोकाला एक विशिष्ट साखर चिकटवणारं विकर (एन्झाइम) बनवतं. ‘ए’ वाल्यांत एक, ‘बी’ वाल्यांत दुसरी, ‘एबी’ त दोन्ही, आणि ‘ओ’ वाल्यांत हे चिकटवणारं विकरच निकामी असतं. रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं आरएच हे आणखी वेगळं, पहिल्या गुणसूत्रावरचं. या साखरेने गर्भाच्या बोटावरचा फुगवटा उंच राहावा की बसावा, याची कुठलीही पटणारी साखळी आजवर कुणी दाखवलेली नाही. साखळी ठाऊक नाही म्हणून संबंध असूच शकत नाही असं नव्हे. विज्ञानात आधी संबंध आणि मागून कारण, असं पुष्कळदा होतं. पण मग संबंध तरी निःसंदिग्ध दिसायला हवा.

तो दिसत नाही, आणि याचा सर्वांत सोपा पुरावा प्रत्येकाच्या हातात आहे. माणसाचा रक्तगट एकच असतो. त्याच माणसाच्या उजव्या अंगठ्यावर चक्र, डाव्या तर्जनीवर कमान आणि करंगळीवर लूप असू शकतो, आणि असतोही. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्यांचा रक्तगट सारखाच असतो. होल्ट यांच्या मोजणीत त्यांच्या एकूण रेघांच्या संख्येतलं साम्यही फार मोठं, ०.९५ इतक्या सहसंबंधाचं आलं (१ म्हणजे पूर्ण मेळ). तरीही एकाच्या तर्जनीवर लूप आणि दुसऱ्याच्या तर्जनीवर चक्र असं होतं, आणि बारीक खुणा तर दोघांच्या कधीच जुळत नाहीत.

मग निबंधांत ‘लक्षणीय संबंध’ येतो कुठून? मोजण्याच्या रीतीतून. समजा २०० विद्यार्थी घेतले. दहा बोटांप्रमाणे ठसे झाले २,०००, आणि निबंधात नमुना म्हणून २,००० हाच आकडा झळकतो. पण ही २,००० स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. ज्याच्या एका बोटावर चक्र आहे त्याच्या दुसऱ्या बोटावरही चक्र असण्याची शक्यता वाढलेली असते. माणसं २००च आहेत. काय-स्क्वेअर चाचणीला हे कळत नाही. तिला २,००० सांगितले की ती २,००० धरून चालते आणि नगण्य फरकालाही मान डोलावते.

त्यात रक्तगटांची वाटणी विषम. ‘एबी’ शेकडा ८ धरले तर वर्गात १६ विद्यार्थी. आरएच निगेटिव्ह शेकडा ५ धरले तर १०. दोन्ही एकत्र, म्हणजे एबी निगेटिव्ह, असा फार तर एक विद्यार्थी वर्गात निघेल. त्याच्या सात बोटांवर चक्रं असली तर तक्त्यात ओळ येते: एबी निगेटिव्ह, चक्रं ७० टक्के. ही टक्केवारी एका पोराच्या हातांची आहे, रक्तगटाची नव्हे. आणि तक्ता जितका बारीक करावा तितकी अशी घबाडं वाढतात. आठ रक्तगट, तीन प्रकार आणि दहा बोटं मिळून २४० रकाने होतात. प्रत्येक रकाना वेगळा तपासला आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर सगळं निव्वळ योगायोगाचं असूनही बाराएक ठिकाणी ‘लक्षणीय’ असा शिक्का बसेल. निबंधात त्या बारांचीच कथा होते. म्हणूनच एका अभ्यासात लूप ‘ओ’ त जास्त निघतात, दुसऱ्यात ‘ए’ त, आणि दोन्ही लेखक आपापल्या चर्चेच्या परिच्छेदात ‘हे निष्कर्ष लोकसमूहानुसार बदलतात’ असं एक वाक्य टाकून पुढे सरकतात. संबंध दर गावी बदलत असेल तर तो संबंध आहे की गोंगाट, हा प्रश्न त्या वाक्याखाली गाडला जातो.

काही निबंधांत तर याहून साधी चूक असते. ‘लूप असलेल्यांत सर्वाधिक लोक ओ गटाचे निघाले’ असं लिहिलेलं असतं. निघणारच, वर्गात ‘ओ’ गटाचेच लोक सर्वाधिक असतील तर लूपवाल्यांत, चष्मा लावणाऱ्यांत आणि डावखुऱ्यांतही तेच सर्वाधिक निघतील.

एक शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काही मोठ्या नमुन्यांत रक्तगट आणि ठशांचा प्रकार यांच्यात खरोखरच थोडं साहचर्य दिसू शकतं. पण त्याचं कारण अगदी वेगळं असू शकतं. लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सालोनिकाच्या आघाडीवर जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसं ‘बी’ चं प्रमाण वाढतं असं १९१९ मध्ये दाखवलं. चक्रांचं प्रमाणही लोकसमूहांप्रमाणे बदलतं. पूर्व आशियात ते युरोपपेक्षा जास्त आहे. आता या दोन्ही ठिकाणचे लोक एकाच नमुन्यात मिसळले तर ‘बी’ आणि चक्र हातात हात घालून येतील. एकाने दुसऱ्याला घडवलं म्हणून नव्हे, दोघं एकाच घरातून आले म्हणून. हे वेगळं काढायचं तर एकाच कुटुंबातली भावंडं तपासावी लागतात. आईबाप तेच, रक्तगट वेगळे, मग ठशांतही नेमाने फरक पडतो का? या प्रश्नाला भिडणारा अभ्यास वर्गभर विद्यार्थ्यांच्या ठशांतून होत नाही.

बरं, घटकाभर संबंध खरा धरू. समजा ‘ए’ गटात एखाद्या बोटावर लूप असण्याचं प्रमाण ६५ टक्के आहे आणि बाकी सगळ्यांत ५८. हा फरक काही लहान नाही. लोकसंख्येत ‘ए’ २२ टक्के असतील तर हजारांत २२० माणसं ‘ए’ ची, त्यांतले १४३ लूपवाले. उरलेल्या ७८० मध्ये लूपवाले साडेचारशेच्या आसपास. म्हणजे लूप पाहिल्यावर तो माणूस ‘ए’ गटाचा असण्याची शक्यता होते २४ टक्के. पाहण्याआधी ती २२ होती. एवढ्या सव्यापसव्यातून दोन टक्के.

याउलट रक्तगट थेट तपासायला काय लागतं? पांढऱ्या फरशीवर रक्ताचे तीन थेंब, त्यांत अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी द्रावाचा एकेक थेंब, काडीने ढवळायचं आणि फरशी हलक्या हाताने हलवायची. जिथे वाळूसारखे कण गोळा होतात तिथे तो प्रतिजन, म्हणजे पेशीवरची त्या गटाची खूण, आहे. जिथे रक्त एकसंध तांबडं राहतं तिथे नाही. काही मिनिटांचं काम आहे. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये हे गट जाहीर केले तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे. आणि इतकी थेट चाचणी हाताशी असूनही रक्त चढवण्याआधी रुग्णाच्या आणि दात्याच्या रक्ताची जुळणी पुन्हा केली जाते, कारण चुकीच्या गटाचं रक्त शिरलं तर तांबड्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडं निकामी होतात आणि माणूस दगावू शकतो. तपासातही हीच गोष्ट. ठशाबरोबर त्वचेच्या पेशी चिकटून आल्या असतील तर त्यांतल्या डीएनएवरून लिंग थेट कळू शकतं आणि एबीओचं जनुकही वाचता येतं. थेट वाट मोकळी असताना आडवाटेच्या खुणा मागे पडतात. डाउन सिंड्रोमच्या बाबतीत हेच झालं. हातावरची एकच आडवी रेघ आणि बोटांवरचे लूप हा एकेकाळी निदानाला चांगला आधार होता. १९५९ मध्ये जास्तीचं एकविसावं गुणसूत्र दिसलं आणि पुढे ती खूण जोडपुराव्याची झाली. तिथे तर संबंध खरा होता.

अलीकडे या विषयाने नवा अवतार घेतला आहे. सुई न टोचता, नुसत्या ठशाच्या फोटोवरून रक्तगट सांगणारं संगणकी मॉडेल केलं, नव्वद टक्क्यांच्या वर अचूकता मिळाली, असे दावे इंजिनीअरिंगच्या प्रकल्पांत सर्रास दिसतात. वर्गातल्या तक्त्यांना जे दोन टक्केही मिळत नव्हते ते यंत्राला एकदम नव्वद कसे मिळाले, हा प्रश्न मार्गदर्शकाला पडायला हवा. उत्तराची एक शक्यता साधी आहे. एकाच माणसाची काही बोटं शिकवण्याच्या चित्रांत आणि काही परीक्षेच्या चित्रांत गेली, तर यंत्र रक्तगट शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतं. ही नुसती कल्पना नाही. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने सुमारे ६० हजार ठशांवर दाखवलं की एकाच माणसाच्या वेगवेगळ्या बोटांत असं साम्य असतं की यंत्र एका जोडीवरून ७७ टक्के वेळा ती एकाच माणसाची आहे की नाही हे बरोबर सांगतं. त्यात एखाद्या गटाचे ठसे एका दिवशी, एका स्कॅनरवर घेतलेले असले की त्या स्कॅनरचा करडेपणाही यंत्र ‘रक्तगट’ म्हणून पाठ करतं. ज्यांचे ठसे मॉडेलने कधीच पाहिले नाहीत अशी माणसं, दुसरं यंत्र, दुसरं गाव, एवढी परीक्षा घ्या आणि मग आकडा सांगा.

‘पण यात नुकसान काय? विद्यार्थी संशोधनाची पद्धत शिकतात’ असं एक उत्तर ऐकू येतं. विद्यार्थी नेमकी चुकीची पद्धत शिकतात, हे एक नुकसान. दुसरं असं की छापलेलं वाक्य छापल्या जागी थांबत नाही. ‘तपासात उपयोग होऊ शकेल’ हे शेवटचं वाक्य कुणीतरी न्यायालयात उचलतो. ठशांचं जे हक्काचं काम आहे, म्हणजे माणूस ओळखणं, त्यातही घसरण होते हे २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर दिसलं. स्फोटकांच्या पिशवीवरचा अर्धवट ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफील्ड या वकिलाचा असल्याचं एफबीआयने सांगितलं, त्यांना अटकही झाली. स्पॅनिश पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं आढळलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. बारीक खुणा जुळवणारे अनुभवी तज्ज्ञ असून ही गत. मग ‘लूप आहे, तेव्हा संशयित ओ गटाचा असावा’ या वाक्यावर कुणाला यादीतून सोडणं आणि कुणाला यादीत घालणं किती जबाबदारीचं? तिसरं नुकसान मुलांचं. दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्यांचे विक्रेते ‘ठशांवर शेकडो शोधनिबंध आहेत’ असं छातीठोकपणे सांगतात. ते शेकडो निबंध म्हणजे हेच.

गंमत अशी की या वाटेवर पहिला जो निघाला तो परत आला होता, आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. फ्रान्सिस गाल्टन हा काही निःपक्षपाती माणूस नव्हता. वंश सुधारण्याच्या कल्पनेचा तो जनक. माणसांची प्रतवारी लावण्याची त्याला हौसच होती. त्याने इंग्रज, वेल्श, ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांचे ठसे जमवले. विज्ञान आणि कलेचे विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंदांच्या आश्रमातले रहिवासी यांचेही जमवले. वंश आणि स्वभाव ठशांतून वाचता येईल अशी आपली मोठी अपेक्षा होती आणि ती खोटी ठरली, असं त्याने १८९२ च्या पुस्तकात सरळ कबूल केलं. त्याला हवं ते उत्तर मिळालं नाही, तरी त्याने ते छापलं. ‘संबंध आढळला नाही’ असं लिहिणाऱ्या निबंधाला आजची किती नियतकालिकं जागा देतात?

नियतकालिकांच्या संपादकांनी दोन अटी घातल्या तरी यातला बराच पसारा आवरेल: माणूस हा एकक धरून विश्लेषण करा, बोट धरून नव्हे; आणि किती तुलना केल्या ते सगळं सांगा, फक्त जमलेल्या नव्हे. महाविद्यालयांच्या नैतिकता समित्यांनी मात्र आणखी एका गोष्टीकडे पाहायला हवं, ज्याची या निबंधांत एका ओळीतही चर्चा नसते. त्या शाईच्या कागदांचं पुढे काय होतं? दोनशे तरुणांच्या दहाही बोटांचे स्वच्छ, पूर्ण ठसे, हजेरी क्रमांक, लिंग आणि रक्तगटासह, विभागाच्या कपाटात पडलेले असतात. आता तर स्कॅन करून कुणाच्या तरी लॅपटॉपवर. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. त्याच अंगठ्यावर फोन उघडतो आणि बँकेचे व्यवहारही होतात. तेव्हा संमतीपत्रात ठसे किती काळ ठेवणार, कोण पाहणार आणि कुठल्या तारखेला नष्ट करणार हे लिहिलेलं असावं. लिहिलेलं नसेल तर विद्यार्थ्याने बोट पुढे करू नये, आणि त्याने नकार दिला म्हणून वर्गशिक्षकाने त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नये.